किर्बीने हॅल लॅबोरेटरीला खरेच वाचवले का?

मला विचारलेला प्रश्न दुहेरी आहे. हॅल लॅबोरेटरी ही जपानी गेम कंपनी १९९२ साली बुडता बुडता राहिली आणि किर्बी नावाच्या गुलाबी गोळ्याने तिला तारले, असे जिकडेतिकडे वाचायला मिळते. ते कितपत खरे आहे? आणि ही कंपनी निन्टेन्डो या बलाढ्य जपानी गेम कंपनीच्या मालकीची आहे की स्वतंत्र? एका ओळीत उत्तर हवे असेल तर पहिल्याचे ‘अर्धे खरे’ आणि दुसऱ्याचे ‘स्वतंत्र’ असे देता येईल. परंतु गेली २२ वर्षे खेळांचे प्रोग्रॅमिंग करून पोट भरणाऱ्या मला त्या अर्ध्या खऱ्यातले उरलेले अर्धे अधिक महत्त्वाचे वाटते, आणि त्याचा हिशेब मांडायचा तर किर्बीच्या १२ वर्षे आधीपासून सुरुवात करावी लागते.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस टोकियोतील इकेबुकुरो भागात सेइबू या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये संगणकांचा एक विभाग होता. संगणक घरी घेण्याची ऐपत नसलेले, पण त्याच्यापासून दूर राहवत नसलेले तरुण तिथे मांडलेल्या यंत्रांवर तासन्‌तास प्रोग्रॅम लिहीत बसत. त्यांत टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा विद्यार्थी सातोरू इवाता होता. या मंडळींनी अकिहाबारात एक जागा भाड्याने घेतली आणि २१ फेब्रुवारी १९८० रोजी कंपनी स्थापन झाली. नावामागचा विचार त्या वयाला शोभणारा होता: आयबीएम या त्या काळच्या सर्वांत बलाढ्य संगणक कंपनीच्या नावातील प्रत्येक अक्षराच्या एक घर आधीचे इंग्रजी अक्षर घेतले की एच-ए-एल होते, म्हणजे आपण त्यांच्याही एक पाऊल पुढे. जपानीत कंपनीचे नाव ‘हारू केन्क्यूजो’, म्हणजे हॅल संशोधनशाळा. इवाता तिथे आधी अर्धवेळ काम करू लागला आणि १९८२ मध्ये पदवी मिळाल्यावर पूर्णवेळ रुजू झाला. एवढ्या नामांकित संस्थेतून शिकून मुलगा कोणी न ऐकलेल्या मूठभर माणसांच्या कंपनीत जातो म्हणून त्याचे वडील सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत, ही आठवण त्याने स्वतःच पुढे सांगितली आहे. हे वडील नंतर होक्काइदोतील मुरोरान शहराचे महापौर झाले.

कंपनीने आरंभी नाव कमावले ते खेळावर नव्हे, तर एका जोडउपकरणावर. त्या काळच्या अनेक स्वस्त संगणकांत पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांचे आकार कायमच्या स्मृतीत कोरलेले असत. उपलब्ध अक्षरे आणि चिन्हे यांच्यापलीकडे काही काढताच येत नसे. हॅलने विकलेल्या ‘पीसीजी’ या उपकरणाने त्या कोरीव स्मृतीच्या जागी बदलता येणारी स्मृती बसवली, त्यामुळे ‘अ’ च्या जागी अंतराळयान आणि ‘ब’ च्या जागी राक्षस काढता येऊ लागला. शार्पच्या एमझेड-८० आणि एनईसीच्या पीसी-८००१ यांसारख्या यंत्रांसाठी ही उपकरणे निघाली. समोरच्या यंत्राला जे जमत नाही असे सगळे धरून चालतात, ते त्याच्याकडून कसे करून घ्यावे, ही या कंपनीची पहिल्या दिवसापासूनची खोड होती, आणि पुढील सगळा इतिहास त्या खोडीचे भांडवल झाल्याचा आहे.

याच सुमारास कमोडोर या अमेरिकी कंपनीच्या व्हीआयसी-१००१ या संगणकासाठी (जो परदेशात व्हीआयसी-२० म्हणून गाजला) हॅलने काही खेळ केले. ते नाम्को या दुसऱ्या जपानी गेम कंपनीच्या खेळांच्या उघड नकला होत्या. ‘जेली मॉन्स्टर्स’ म्हणजे पॅक-मॅन, ‘रडार रॅट रेस’ म्हणजे रॅली-एक्स. पुढे हॅलने नाम्कोकडून रीतसर परवाना घेतला खरा, पण सुरुवात नकलेनेच झाली हे लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी गेमच्या हक्कांविषयीचा कायदा आणि शिष्टाचार दोन्ही कच्चे होते, आणि आमच्या धंद्यातील बहुतेकांनी पहिला प्रोग्रॅम दुसऱ्याचा खेळ उतरवूनच लिहिलेला असतो. नाम्कोचा मुद्दा येथे लक्षात ठेवावा. शेवटी तो पुन्हा येणार आहे.

या कमोडोर प्रकरणातून हॅलला जे मिळाले त्याचे मोल पैशात मोजता येण्यासारखे नव्हते. कमोडोरच्या यंत्रांत ६५०२ हा प्रोसेसर असे, कारण तो बनवणारी एमओएस टेक्नॉलॉजी ही कंपनी कमोडोरने १९७६ मध्ये विकतच घेतली होती. जपानमध्ये मात्र घरगुती संगणकांवर झेड-८० या प्रोसेसरचे राज्य होते. तिथला सरासरी प्रोग्रॅमर झेड-८० वर वाढलेला. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला तेव्हा त्यात रिको कंपनीने बनवलेला, पण ६५०२ वर बेतलेला प्रोसेसर होता. दोन प्रोसेसरांतील फरक नुसता नावाचा नाही. ६५०२ मध्ये हाताशी ठेवायला अवघी तीन रजिस्टरे (चालू हिशेबातले आकडे ठेवायचे प्रोसेसरातले कप्पे) असतात; झेड-८० च्या सवयीने लिहिणाऱ्याला तो हात बांधल्यासारखा वाटतो. उलट स्मृतीच्या पहिल्या २५६ बाइटपर्यंत तो झटपट पोहोचतो, आणि हे ज्याने ओळखले त्याचा प्रोग्रॅम पळू लागतो. इवाताने विद्यार्थिदशेत कमोडोरच्या पेट संगणकावर हात बसवलेला होता. जपानमध्ये हा प्रोसेसर कोळून प्यायलेली माणसे थोडी असताना ती हॅलमध्ये होती, आणि हॅलची माणसे काम मागायला क्योतोला निन्टेन्डोकडे गेली ती याच जोरावर.

काम मिळाले. १९८४ मध्ये ‘पिनबॉल’, ‘गोल्फ’ आणि ‘एफ-१ रेस’ हे निन्टेन्डोच्या नावाने निघालेले खेळ हॅलने केले. यांतील गोल्फची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या साध्या कॅसेटीत प्रोग्रॅमसाठी १६ किंवा ३२ किलोबाइट आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट एवढीच जागा असे. (आपल्याकडे सगळे ‘व्हिडिओ गेमची कॅसेट’ म्हणत, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.) एवढ्या जागेत गोल्फचे १८ वेगवेगळे होल बसवणे शक्य नाही म्हणून इतर कंपन्यांनी नकार दिलेला होता. इवाताने ते अंगावर घेतले आणि नकाशे दाबून साठवण्याची स्वतःची पद्धत लिहून सगळे १८ होल बसवले. शिवाय या खेळात फटका मारण्याची जी रीत ठरली, म्हणजे पट्टीवर सरकणारी खूण तीन वेळा बटण दाबून जोर आणि अचूकता ठरवण्यासाठी थांबवायची, ती पुढच्या असंख्य गोल्फ खेळांनी जशीच्या तशी उचलली. २०१७ मध्ये निन्टेन्डो स्विच हे यंत्र आले तेव्हा त्याच्या अंतर्गत प्रणालीत हाच जुना गोल्फ लपवलेला लोकांना सापडला. यंत्रावरची तारीख ११ जुलै, म्हणजे इवाताच्या मृत्यूचा दिवस, असताना त्याच्या हातांची ओळखीची हालचाल केली की तो सुरू होत असे.

जानेवारी १९८५ चा ‘बलून फाइट’ मात्र मला या सगळ्यांत थोर वाटतो. ज्यांचे बालपण महाराष्ट्रात १९९० च्या दशकात गेले त्यांनी तो नाव माहीत नसतानाही खेळलेला असण्याची दाट शक्यता आहे, कारण बाजारात मिळणाऱ्या फॅमिकॉमच्या नकली यंत्रांबरोबर ‘९९९ इन १’ अशी फुशारकी मारणारी जी कॅसेट येई, तीत दोन फुग्यांना लटकून पंख फडफडवणारा तो माणूस हटकून असे. या खेळाची एक आवृत्ती नाण्यावर चालणाऱ्या आर्केड यंत्रासाठी दुसऱ्या एका चमूने केली होती. त्या चमूतील तोशिहिको नाकागो यांच्या लक्षात आले की घरगुती यंत्रावरील पात्राची हालचाल आर्केडपेक्षा कितीतरी मऊ आहे. त्यांनी इवाताला कारण विचारले आणि त्याने ते सांगून टाकले.

ते कारण समजून घेण्यासारखे आहे. फॅमिकॉमचा पडदा २५६ बिंदू रुंद आणि चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा बदलते. पात्राची जागा पूर्ण बिंदूंत मोजली तर सर्वांत कमी वेग म्हणजे दर चित्राला १ बिंदू, आणि त्यावरचा वेग एकदम दुप्पट. मधले काहीच नाही, त्यामुळे पात्र हळूहळू वेग घेत नाही, झटके खाते. उपाय असा की जागेसाठी एक बाइट जास्त खर्च करायचा आणि त्यात बिंदूचा अपूर्णांक साठवायचा. मग वेगात बिंदूच्या २५६ व्या भागाएवढा बदलही करता येतो. पडद्यावर दाखवताना अपूर्णांक सोडून द्यायचा, पण हिशेबात तो जपायचा. गुरुत्वाकर्षण म्हणजे दर चित्राला वेगात घातलेली एक छोटीशी भर, पंख फडफडवणे म्हणजे तीतून केलेली वजाबाकी. जडत्व, तरंगणे, घसरणे हे सगळे यातून आपोआप मिळते. नाकागो यांनी हे ज्ञान सुपर मारिओच्या पाण्याखालच्या टप्प्यांत वापरले. नव्याने कामाला लागलेल्या मुलांना मी अजूनही हाच खेळ उलगडून दाखवतो, कारण बाजारात तयार मिळणारे भौतिकीचे इंजिन वापरणाऱ्याला आत काय चालते याची गंधवार्ता नसते.

इथवरचा हॅल म्हणजे उत्तम कंत्राटी कारागीर. दुसऱ्याच्या नावाने काम, ठरलेला मोबदला, जोखीम दुसऱ्याची. पण कुठल्याही कारागिराला कधीतरी स्वतःच्या नावाची पाटी लावावीशी वाटतेच. हॅलने स्वतःच्या नावाने खेळ प्रकाशित करायला सुरुवात केली. १९८५ मध्ये एमएसएक्स संगणकासाठी निघालेली ‘एगरलँड’ ही कोड्यांची मालिका त्यांतली सर्वांत गुणी; अमेरिकेत तिचेच रूप ‘ॲडव्हेंचर्स ऑफ लोलो’ या नावाने गेले. बाकी बरेच काही आले आणि विसरले गेले. स्वतः प्रकाशक होणे म्हणजे कॅसेटी आधी बनवून घेणे, त्यांचे पैसे आधी भरणे, जाहिरातीचा खर्च करणे आणि माल पडून राहिला तर तो आपल्या अंगावर घेणे. मी सुरुवातीच्या काळात ज्या छोट्या स्टुडिओत होतो, तिथेही कंत्राटी कामाचा नफा स्वतःच्या एका खेळाच्या जाहिरातीत असाच विरघळून गेलेला मी पाहिला आहे. प्रोग्रॅम चांगला लिहिता येणे आणि माल विकता येणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, आणि पहिल्यात पारंगत असलेल्यांना दुसरे सोपे वाटते.

हॅलच्या आपत्तीचे खापर बहुधा ‘मेटल स्लेडर ग्लोरी’ या एका खेळावर फोडले जाते. चित्रकथेच्या अंगाने जाणारा हा विज्ञानकथेचा खेळ करायला सुमारे चार वर्षे लागली आणि तो ३० ऑगस्ट १९९१ रोजी फॅमिकॉमवर आला. त्याच्या आधी, नोव्हेंबर १९९० मध्ये, निन्टेन्डोचे पुढच्या पिढीचे सुपर फॅमिकॉम हे यंत्र दुकानांत पोहोचले होते. एक मेगाबाइटची कॅसेट, तीत एमएमसी५ ही महागडी चिप, आणि फॅमिकॉमवर विश्वास बसणार नाही इतकी मोठी, हलती चित्रे. कारागिरी म्हणून तो अचंबित करतो. छापलेला माल खपूनही खर्च भरून निघाला नाही, असे सांगतात. परंतु हॅलचे कर्ज सुमारे १५० कोटी येन होते. एका कॅसेटीच्या तोट्याने एवढा आकडा होत नाही. अनेक मध्यम खेळ, घाईने संपवलेली कामे आणि हाताबाहेर गेलेला खर्च यांची ती बेरीज असणार. एका खेळाला दोषी ठरवणे सोपे असते, कारण त्याला नाव असते. १९९२ मध्ये कंपनीने धनकोंशी तडजोड करण्याच्या न्यायालयीन प्रक्रियेसाठी अर्ज केला. जपानीत तिला ‘वागी’ म्हणत. साध्या मराठीत दिवाळे निघाले असेच म्हणावे लागेल.

आता किर्बीकडे येऊ. मासाहिरो साकुराइ हा १९७० साली जन्मलेला तरुण विशीत पदार्पण करण्याच्या सुमारास हॅलमध्ये आला. नवशिक्यालाही शेवटपर्यंत खेळता येईल असा खेळ गेम बॉय या निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रासाठी करावा, हे काम त्याच्याकडे आले. त्याने खरे पात्र ठरेपर्यंत जागा अडवायला एक साधा गोळा काढून ठेवला होता. काम करता करता सर्वांना तो गोळाच आवडला आणि तोच नायक झाला. त्याचे तात्पुरते नाव ‘पोपोपो’. खड्ड्यात पडून मरण्याची भीती नको म्हणून तो हवा पिऊन कुठेही उडू शकतो. शत्रूला मारण्याचे कसब नको म्हणून तो त्याला गिळतो. हा खेळ ज्या साधनांवर घडला ती ऐकून आजच्या प्रोग्रॅमरला घाम फुटेल: साकुराइने पुढे सांगितले त्याप्रमाणे फॅमिकॉम आणि डिस्क यंत्र एकत्र असलेल्या ‘ट्विन फॅमिकॉम’वर, कळफलकाशिवाय, ट्रॅकबॉलने पडद्यावरची चिन्हे निवडत आकडे भरले जात. त्याला त्या वेळी जगात सगळीकडे असेच काम करतात असे वाटे.

खेळ ‘ट्विंकल पोपो’ या नावाने हॅल स्वतःच प्रकाशित करणार होते. जाहिरात झाली, दुकानांकडून २६,००० प्रतींची मागणीही आली. तेव्हा निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतो यांनी तो पाहून मत दिले की थोडे बदल केले तर हा खूप मोठा होईल. इवाताने तयार होत आलेला खेळ थांबवला. मागणी घेतल्यानंतर माल परत घेणे म्हणजे विक्री विभागाची दुकानदारांपुढे नाचक्की. घरात आधीच ओढाताण असताना हा निर्णय घेणे सोपे नसणार. पात्राचे नाव बदलून ‘किर्बी’ झाले. डाँकी काँग या खेळावरून झालेल्या खटल्यात निन्टेन्डोची बाजू लढवणाऱ्या जॉन किर्बी या वकिलांचे आडनाव नावांच्या यादीत असल्याचा त्या निवडीत वाटा होता. २७ एप्रिल १९९२ रोजी खेळ निन्टेन्डोच्या नावाने आला आणि यथावकाश त्याच्या ५० लाखांहून अधिक प्रती खपल्या. गेम बॉयचा पडदा एकरंगी असल्याने हा गोळा गुलाबी आहे हे साकुराइखेरीज फारसे कोणाला माहीत नव्हते. मियामोतो तो पिवळा असेल असे समजत होते, आणि अमेरिकेत डब्यावर तो चक्क पांढरा छापला गेला.

तारखा नीट पाहिल्या की मूळ प्रश्नाचे उत्तर समोर येते. किर्बी ज्या वर्षी आला त्याच वर्षी कंपनी न्यायालयात गेली. म्हणजे किर्बीने दिवाळे टाळले नाही. कर्ज फेडण्याचे साधन मात्र पुरवले. दिवाळे निघालेल्या कंपनीला कोणी उभे राहू दिले तरच ती कर्ज फेडू शकते, आणि ती संधी दिली निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी. त्यांनी मदतीची तयारी दाखवली, पण एका अटीवर: अध्यक्षपदी इवाता बसला पाहिजे. यामाउची स्वतः खेळ खेळत नसत आणि व्यवहारात कठोर म्हणून प्रसिद्ध होते. अशा माणसाने दुसऱ्याच्या बुडालेल्या कंपनीतील एका प्रोग्रॅमरचे नाव घेऊन अट घातली ती भावनेपोटी नव्हे. ज्या कामाला इतर नाही म्हणाले ते या माणसाने वेळेत करून दिले होते, आणि ते एकदा नव्हे तर दहा वर्षे. माझ्या मते हॅलला वाचवले ते या पतपेढीने, आणि तिच्यातील पहिली ठेव गोल्फची होती.

१९९३ मध्ये ३३ वर्षांचा इवाता अध्यक्ष झाला. व्यवस्थापनाचे शिक्षण नाही, अनुभव बेताचा, डोक्यावर १५० कोटी येन. त्याने पहिले काम केले ते प्रत्येक कर्मचाऱ्याशी एकट्याने बसून बोलण्याचे. ८०-९० माणसांच्या कंपनीत हा परिपाठ त्याने नंतरही वर्षातून दोनदा चालू ठेवला. प्रोग्रॅममध्ये दोष शोधताना आधी तो अडतो कुठे हे पाहतात, मग दुरुस्त करतात. कंपनीलाही त्याने तेच लावले. प्रकाशनाची हौस आवरती घेऊन हॅल पुन्हा निन्टेन्डोसाठी खेळ घडवण्याकडे वळले, आणि कर्ज सहा वर्षांत फिटले. १९९३ च्या ‘किर्बीज ॲडव्हेंचर’मध्ये गिळलेल्या शत्रूची शक्ती आत्मसात करण्याची कल्पना आली आणि मालिकेचा कणा ताठ झाला. किर्बीचा वाटा नाकारायचा नाही. तो कर्जाच्या हप्त्यांत आहे, जीवदानात नाही.

या सहा वर्षांतील दोन कामे प्रोग्रॅमरांच्या गप्पांत वारंवार निघतात. पहिले ‘मदर २’ चे. शिगेसातो इतोइ यांचा हा खेळ वर्षानुवर्षे रखडून कोलमडण्याच्या बेतात होता. इवाताने पाहणी करून दोन मार्ग सांगितले: आहे ते दुरुस्त करत गेलो तर दोन वर्षे, मुळापासून नव्याने लिहायचे तर सहा महिने. दुसरा मार्ग निवडला गेला आणि उरलेली घडण होऊन खेळ २७ ऑगस्ट १९९४ रोजी बाहेर पडला. ऐकणाऱ्याला हे विधान उद्धट वाटते, पण ज्याने दुसऱ्याच्या गुंत्यात हात घातला आहे त्याला त्यातील गणित कळते. महत्त्वाचे म्हणजे त्याने आधी चमूतल्या सर्वांना एकाच वेळी बदल करता येतील अशी साधने बनवली, आणि वेळ वाचला तो त्यांतून.

दुसरे काम पोकेमॉनचे. १९९६ मध्ये गेम फ्रीक या कंपनीचा पहिला पोकेमॉन गेम बॉयवर आला. त्यातील लढाया निन्टेन्डो ६४ वर आणायच्या ठरल्या तेव्हा लढाईच्या नियमांचे कागदपत्र असे काही नव्हते. होता तो फक्त प्रोग्रॅम. इवाताने तो वाचून सुमारे आठवडाभरात नव्या यंत्रावर उतरवला, आणि तोही एका कंपनीचा अध्यक्ष असताना. ज्याने मूळ प्रोग्रॅम लिहिला त्या शिगेकी मोरिमोतो यांनीच हे आश्चर्याने सांगितले आहे. याला जोडून ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या पुढच्या भागांत इवाताने सगळा खेळ इतका दाबून बसवला की जुना आख्खा कांतो प्रदेश फुकटात मावला, अशी एक दंतकथा फिरते. त्याने चित्रे दाबून साठवण्याची साधने करून दिली होती, एवढे पक्के आहे. त्यावरचा कांतोचा मजला लोकांनी चढवलेला आहे. खऱ्या कामगिरीला असल्या टेकूची गरज नाही.

यामानाशी प्रांतातील र्‍यूओ गावात हॅलची एक शाखा होती (हे गाव २००४ मध्ये काइ शहरात विलीन झाले). तिथे साकुराइने चौघांनी एकत्र खेळायच्या मारामारीच्या खेळाचा आराखडा केला आणि इवाताने शनिवार-रविवारी बसून त्याचा प्रोग्रॅम लिहिला. तात्पुरते नाव गावावरूनच पडले: ‘र्‍यूओ’, ज्याचा अर्थ नागराज किंवा ड्रॅगनराज. त्या काळच्या मारामारीच्या खेळांत प्राणशक्तीची पट्टी संपली की हार; येथे मार खाल्ला की टक्के वाढतात आणि जितके टक्के जास्त तितका खेळाडू लांब फेकला जातो. त्यामुळे शेवटच्या क्षणापर्यंत डाव पलटू शकतो. बिनचेहऱ्याच्या पात्रांचा असा खेळ घरगुती यंत्रावर कोणी विकत घेणार नाही, हे जाणून साकुराइने परवानगी न विचारता मारिओ, डाँकी काँग वगैरे निन्टेन्डोची पात्रे त्यात घातली, तोल साधला आणि मग दाखवला. आधी विचारले असते तर नकार आला असता. २१ जानेवारी १९९९ रोजी ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ आला.

इवाता २००० मध्ये निन्टेन्डोत गेला आणि मे २००२ मध्ये तिचा चौथा अध्यक्ष झाला. यामाउची घराण्याबाहेरचा पहिलाच. मधल्या काळात, २००१ मध्ये, स्मॅशचा दुसरा भाग ‘मेली’ दोषांच्या ओझ्याखाली रखडतो आहे असे दिसल्यावर निन्टेन्डोचा हा अधिकारी यामानाशीला जाऊन तीन आठवडे बसला, दोषांची छाननी केली, प्रोग्रॅम वाचला आणि खेळ नोव्हेंबरमध्ये वेळेवर निघाला. अभियंता म्हणून ते आपले शेवटचे काम होते, असे तो सांगत असे. २०१५ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी तो गेला.

साकुराइने २००३ मध्ये हॅल सोडले. एक खेळ यशस्वी झाला की त्याचा पुढचा भाग येणारच असे सर्वांनी गृहीत धरणे त्याला नकोसे झाले होते. तीन वर्षांत या दोघांचे जाणे कोणत्याही कंपनीला जाणवले असते. हातात धरायच्या यंत्रांवर किर्बी येत राहिला, काही भाग इतर कंपन्यांनीही केले. परंतु टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी मुख्य धाटणीचा किर्बी २००० नंतर थेट ऑक्टोबर २०११ मध्ये आला. मधल्या ११ वर्षांत तीन निरनिराळे प्रयत्न पुष्कळ पुढे नेऊन टाकून दिले गेले. या काळावर फारसे कोणी लिहीत नाही, मला मात्र तो बोलका वाटतो: कर्ज नसलेली, घाई नसलेली कंपनीच तीन अर्धे खेळ केराच्या टोपलीत टाकू शकते. १९९१ च्या हॅलला हे परवडले नसते. शिन्या कुमाझाकी यांच्यासारखी पुढची पिढी त्यातून तयार झाली, आणि मार्च २०२२ मध्ये ‘फरगॉटन लँड’ने मुख्य मालिका प्रथमच पूर्ण त्रिमितीत नेऊन ६० लाखांहून अधिक प्रती खपवल्या. २०१५ चा ‘बॉक्सबॉय’ हा काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा छोटा खेळही आवर्जून पाहावा. एगरलँडचे कोडेप्रेम त्यात जिवंत आहे.

राहिला मालकीचा प्रश्न. हॅलची ख्याती निन्टेन्डोच्या यंत्रांवरच्या खेळांमुळे असल्याने ती तिचीच शाखा समजली जाते, पण तसे नाही. ती स्वतंत्र कंपनी आहे, आणि किर्बीच्या हक्कांच्या ओळीत आजही हॅल लॅबोरेटरी आणि निन्टेन्डो अशी दोन्ही नावे छापली जातात. स्मॅश मालिका आता हॅल घडवत नाही. २०१४ चे भाग आणि २०१८ चा ‘अल्टिमेट’ साकुराइच्या सोरा या कंपनीबरोबर बांदाइ नाम्कोने घडवले; तरी मूळ खेळाच्या श्रेयात निन्टेन्डोसोबत हॅलचे नाव कायम आहे. ही बांदाइ नाम्को म्हणजे त्याच नाम्कोचा आजचा अवतार, आणि २०१४ पासून त्या खेळात लढणाऱ्यांमध्ये, हॅलच्या पोरांनी व्हीआयसी-१००१ वर उतरवलेला पॅक-मॅनही आहे.